निळा पट्टा

अंगाची उष्णता रंगांत दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याच्या पडद्यावर आहे एक उजवा हात. कोपराकडे लालभडक, मनगटाशी पिवळा आणि मधोमध हा निळा पट्टा. परवा गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस उडाला. मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्याचा हा जळीत वॉर्ड.

सिस्टर पांढरं मलम पुसतायत. सलाईननं धुवायचं, गॉजनं हलकेच टिपायचं. "काका, हात हलवू नका." पंखा बंद, उन्हाकडची खिडकी बंद, आणि हात पंधरा मिनिटं उघडा. ही घाई न करण्याची जागा आहे. ओली जखम माठासारखी गार पडते, आणि कॅमेरा फसतो: आहे त्याहून खोल दाखवतो. इकडच्या कोरड्या हवेत तर जास्तच.

हा कॅमेरा अंगातून बाहेर पडणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण टिपतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांना ते १८०० साली सापडले, साध्या थर्मामीटरनं. भाजलेल्या जखमा या किरणांनी तपासल्याचा निबंध कॅनडात १९६१ सालीच छापून आला होता. म्हणजे नवलाई काही नाही. आपल्याकडे पोचायचीच राहिली.

वरवर भाजलं की तिथं रक्त धावून येतं, जागा तापते. खोल भाजलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्याच निकामी होतात, जागा गार. म्हणून निळा. आता डावा हात, तोच भाग. चांगल्या कातडीशी ताडून बघायचं. खोल जखमेत फरक साधारण दोन अंशांचा.

नुसत्या डोळ्यांना मात्र लाल आणि निळा हे दोन्ही भाग जवळपास सारखेच. मुरलेल्या सर्जनचेही नजरेचे अंदाज शंभरात साठ ते पंच्याहत्तरच बरोबर येतात. लेझरनं कातडीतलं रक्ताभिसरण मोजणारं लेझर डॉप्लर याहून अचूक, पण ते यंत्र महाग आणि अवजड. हा कॅमेरा, बघा, मोबाईलला जोडता येतो. निर्णय सर्जनचाच, पण त्याच्या हाताशी एवढं असायला काय हरकत आहे? जिल्हा रुग्णालयाच्या खरेदीत सोनोग्राफीचं मशीन बसतं, तर हा का बसू नये?

लाल भाग मलमपट्टीनं भरेल. निळा तीन आठवड्यांत भरणारा नाही. तिथं मांडीची कातडी लावायची. ऑपरेशन गुरुवारी, नंतर बोटांचा व्यायाम.