ताराबाईंच्या पुस्तकानंतरची शांतता

१८८१ साल. सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर पोटचं मूल मारल्याचा आरोप होता. आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी मात्र खटला चालूच ठेवला, आणि आता पिंजऱ्यात समस्त बायका होत्या.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांना ते सहन झालं नाही. १८८२ साली पुण्यात त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापलं गेलं. प्रती ५००. बायको गेली की पुरुषाने लगेच दुसरी करायची, मग नवरा गेला तर बाईनेच असं काय पाप केलं? बायकांच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत का? पुराणातल्या देवांनाही त्यांनी सोडलं नाही. भाषा माजघरातली, तिखट. आजही मोठ्याने वाचलं की बाई समोर उभी राहून जाब विचारते आहे असं वाटतं.

टीका इतकी झाली की १८८५ साली जोतीराव फुल्यांना ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकातून ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक सापडत नाही.

बाईला लिहूच न देणं ही एक अडवणूक. लिहिलेल्या बाईला एकटं पाडणं ही दुसरी, आणि मला ती जास्त घातक वाटते, कारण तिचा हुकूम कुठेच लिहिलेला नसतो. अभ्यासक स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा उजेडात आणलं ते १९७५ साली. मधल्या ९३ वर्षांत लिहायला बसलेल्या बहुतेक मराठी बायकांना, आपल्या आधी कुणी एवढं रोखठोक लिहून गेलंय, याचा पत्ताही नव्हता.

१९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं, त्यांच्या इच्छांसकट. वादळ उठलं. गोष्टींतलं दुःख खरं आहे का, यापेक्षा ही विभावरी शिरूरकर कोण, याचीच चौकशी जास्त. त्या नावाआड बाळूताई खरे होत्या, पेशाने शिक्षिका. खऱ्या नावाने लिहिलं असतं तर प्रत्येक नायिकेचं आयुष्य त्यांनाच चिकटवलं गेलं असतं.

फलटणच्या बेबी कांबळे यांच्या वाटेत जात आडवी होती आणि घरही. किराणा दुकान चालवता चालवता त्या पुड्या बांधायची रद्दी वाचत. महारवाड्यातली भूक, सासुरवास, बाबासाहेबांच्या हाकेने बदललेलं जगणं त्यांनी लिहून काढलं, आणि वीसेक वर्षं नवऱ्याच्या, मुलाच्या नजरेआड ठेवलं. अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी ते छापण्याचा आग्रह धरला. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः, १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक. सवर्णांचा जाच त्यात आहे, आणि आपल्याच घरातल्या पुरुषांनी सुनांना केलेली मारझोडही, तितक्याच स्पष्ट शब्दांत.