कुंडी उपडी करून बघा

मघाशी आत येताना एका ताईंनी ही कुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "रोज पाणी घालते हो, तरी मान टाकलीय." पीस लिली आहे. मागे बसलेल्यांनाही दिसत असेल, सगळी पानं कुंडीच्या काठावरून खाली लोंबताहेत. माझं निम्मं व्याख्यान ताईंच्या त्या एका वाक्यात आलं. फक्त त्यातल्या 'तरी'च्या जागी 'म्हणून' घाला.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत ती असते. तिथे सतत पाणीच भरून राहिलं की मुळं गुदमरतात, आणि अशा दुबळ्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा यांच्यासारखे मुळकूज करणारे जीव तुटून पडतात. मुळं गेली की पाणी ओढायला कुणी उरत नाही. कुंडी ओलीचिंब आणि झाड तहानलेलं! ते मलूल दिसलं म्हणून आपण आणखी एक तांब्या ओततो. माझ्याकडे लोकांनी आणून दाखवलेली बहुतेक मेलेली झाडं या मायेनेच मेलेली होती.

पंचाईत अशी की पाण्यावाचून सुकलेली पीस लिलीही हुबेहूब अशीच लोंबते. पान बघून हा फरक सांगता येत नाही, निदान मला तरी येत नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. कुंडी उचलून बघा. कोरडी कुंडी हाताला हलकी लागते, एकदा सवय झाली की बोटही घालावं लागत नाही. ही धरून बघा, केवढी जड आहे!

आता उपडी करू. खाली वर्तमानपत्र पसरलंय. बुंधा दोन बोटांच्या बेचक्यात धरायचा, कुंडी उलटी करायची आणि तिच्या बुडावर दोन थापा मारायच्या. आला गोळा बाहेर. पहिल्या रांगेत वास पोचला ना? साचलेल्या गटारासारखा. निरोगी मातीला पावसाळी रानासारखा वास येतो. आता हे मूळ बघा. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. हे तपकिरी आहे. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, ड्रेसिनाची मुळं मुळातच नारिंगी असतात. मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. बघा, बाहेरचं साल बाहीसारखं निघून आलं आणि आत नुसता दोरा राहिला. ही कुजलेल्या मुळाची खूण.

आणि तळाशी हे काय? खडे. निचरा व्हावा म्हणून घातलेत, सगळेच घालतात, मीही वर्षानुवर्षं घालत होतो. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते खड्यांच्या वरच अडून बसतं. म्हणजे जी दलदल तळाशी राहिली असती ती आपण दोन बोटं वर, मुळांच्या जवळ आणून ठेवली. खडे काढा, भोक मोकळं ठेवा, माती भुसभुशीत करा.

"पण मी पहिल्यापासून एवढंच पाणी घालतेय," हे पुढचं वाक्य ठरलेलं. तर मग झाडाची जागा बदलली का? आपला डोळा उजेडाच्या बाबतीत फार फसवा. भर उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो, खिडकीपासून चार-पाच पावलं आत तो काही शेकड्यांवर येतो, आणि आपल्याला तरी वाटतं, खोलीत चांगला उजेड आहे. कमी उजेडात झाड कमी पाणी पितं. खिडकीत पुरेसं होतं तेच पाणी कोपऱ्यात जास्त होतं.

आता पानं. पिवळं पडलंय म्हटलं की माझा प्रश्न एकच, कुठलं पान? खालचं की शेंड्याचं? नत्र आणि मॅग्नेशियम झाडाला जुन्या पानांतून काढून नव्याकडे पाठवता येतं, म्हणून त्यांची ओढाताण आधी खालच्या पानांवर दिसते. लोह असं हलवता येत नाही. ते कमी पडलं की कोवळं पान पिवळं होतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पण म्हणून लगेच लोहाची बाटली आणू नका. बऱ्याचदा मातीत लोह असतं, माती अल्कधर्मी झाल्यामुळे किंवा मुळं आजारी असल्यामुळे ते घेता येत नाही. पुन्हा कुंडीच उपडी करायची. आणि तळाचं एखादंच पान सावकाश पिवळं होऊन गळत असेल तर ते त्याचं वय आहे, गळू द्या.

टोकं करपणं हे खूपदा मातीत साठलेल्या क्षारांमुळे होतं. ड्रेसिना आणि स्पायडर प्लांट यांना तर पाण्यातलं फ्लोराइडही सोसत नाही. अधूनमधून कुंडीतून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या, बशीत साचलेलं ओतून टाका.

किडीच्या बाबतीत मात्र पानाचं म्हणणं ऐकावं, पण त्याच्या पाठीवरून. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले तर खाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर तो कोळी, म्हणजे घरातला जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा माइट. जेमतेम अर्धा मिलिमीटर, पाय आठ, म्हणजे कीटकसुद्धा नव्हे. कोरड्या, उबदार हवेत झपाट्याने वाढतो. देठाच्या बेचक्यात कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. पान चिकट लागत असेल, मुंग्या चढत असतील तर मावा किंवा खवले कीडही शोधा. आणि सकाळी मॉन्स्टेराच्या पानाच्या कडेला पाण्याचा थेंब लटकलेला दिसला तर तो रोग नाही, रात्री मुळांनी जास्त ओढलेलं पाणी झाड तिथून बाहेर टाकतं.

माझी एक फजिती सांगतो. माझ्या फायकसने जागा बदलल्यावर पानं गाळली. हे झाड तसं करतंच. पण मी घाबरून एकाच दिवसात कुंडी बदलली, खत घातलं, औषध फवारलं आणि ते पुन्हा तिसऱ्याच खिडकीत नेलं. महिन्याभरात गेलं. कशाने गेलं ते मला आजही सांगता येत नाही, कारण चार गोष्टी एकदम केल्या. तेव्हापासून एका वेळी एकच बदल करतो आणि दोन आठवडे हात बांधून बसतो.

ताईंच्या झाडाला मात्र कुंडी बदलण्यावाचून इलाज नाही. मऊ पडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापायची. याचा रस झोंबतो, डोळ्याला हात लावू नका. उरलेल्या मुळांच्या मापाची, म्हणजे हिच्याहून लहान कुंडी घ्यायची. खत अजिबात नाही, नव्या मुळांना ते पोळतं. लोंबलेली पानं बहुधा उठणार नाहीत, त्यांच्याकडे बघूच नका. मध्यभागी ही गुंडाळलेली सुरळी आहे ना, ती उलगडते का ते बघा. आणि ताई, ही जुनी माती दुसऱ्या कुंडीत घालू नका.