लेव्ह गेला, युरो आला: बल्गेरियाने नेमके काय गमावले?

नमस्कार. 1 जानेवारी 2026 रोजी बल्गेरिया युरो वापरणारा एकविसावा देश झाला आणि तेव्हापासून आपण सारे मला एकच प्रश्न विचारत आहात की, एवढ्याशा देशाने लेव्ह हे स्वतःचे चलन मोडीत काढले हे शहाणपणाचे झाले का. सामायिक चलनामुळे विनिमयाचा खर्च वाचतो, व्यापार सोपा होतो आणि त्या बदल्यात व्याजदर ठरवण्याचा व वेळप्रसंगी चलनाचे अवमूल्यन करण्याचा अधिकार जातो, एवढे तर सर्वांना ठाऊक आहे. त्यावर मी वेळ घालवत नाही.

मला खटकते ते ‘बल्गेरियाने आर्थिक सार्वभौमत्व विकले’ हे विधान. जे हाती नव्हतेच ते विकणार कसे? 1996-97 मध्ये तेथील बँका धडाधड कोसळल्या आणि फेब्रुवारी 1997 या एकाच महिन्यात किमती तिपटीहून अधिक झाल्या. त्या चटक्यानंतर जुलै 1997 मध्ये देशाने करन्सी बोर्डाची व्यवस्था स्वीकारली, म्हणजेच लेव्ह जर्मन मार्कशी कायद्याने बांधला आणि परकीय गंगाजळीचे पाठबळ नसताना नोटा छापण्याची वाटच बंद केली. पुढे मार्क जाऊन युरो आला, तरी दर तोच राहिला: एका युरोला 1.95583 लेव्ह.

हीच गोष्ट व्याजदराच्या बाजूने पाहा. 2022 मध्ये फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेने दर वाढवले, तेव्हा बल्गेरियाची राजधानी सोफियाला स्वतंत्र धोरण आखण्याची मुभा नव्हतीच; निर्णयाचे परिणाम भोगायचे, पण निर्णय होतो त्या बैठकीत खुर्ची नाही, अशी ती अवस्था होती. आता त्या बैठकीत बल्गेरियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर बसतात.

आणि तरीही पटत नसेल, तर 2014 चा जून आठवा. देशातील चौथ्या क्रमांकाच्या, कॉर्पोरेट कमर्शियल बँकेतून पैसे काढण्यासाठी ठेवीदारांची झुंबड उडाली, बँक बंद पडली आणि लोकांच्या ठेवी अनेक महिने अडकून राहिल्या. अडलेल्या बँकेला हात देण्याची मध्यवर्ती बँकेची ताकद करन्सी बोर्डाखाली फारच तोकडी असते. थोडक्यात, चलनावरची चित्रे बल्गेरियाची होती, परंतु चलनधोरण नव्हते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ‘एका युरोला जवळजवळ दोन लेव्ह, म्हणजे लोकांची बचत निम्मी झाली’ असे लिहिणाऱ्यांची संख्या कमी होत नाही. सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या मामांनीही जेवताना हाच मुद्दा काढला, तेव्हा मी त्यांना ताटाशेजारीच आकडेमोड करून दाखवली: 2000 लेव्ह पगाराचे 1022.58 युरो होतात आणि घरभाडे, कर्जाचा हप्ता, बटाटे, सारे काही त्याच दराने भागले जाते. खरी भीती निराळी आहे, आणि ती रास्तही आहे. 3 लेव्हची कॉफी 1.53 युरोला पडायला हवी, पण दुकानदार 1.60 लावतो. हे चटकन उघडे पडावे म्हणून ऑगस्ट 2025 पासूनच तेथे दोन्ही चलनांत किमती लिहिणे सक्तीचे करण्यात आले.

मग काहीच गमावले नाही का? गमावले, परतीची वाट. आपल्या कायद्याने बांधलेली गाठ, कितीही महागात पडली तरी, आपल्या संसदेत सोडता येते. युरोतून बाहेर पडण्याचा मात्र सरळ मार्गच नाही, हे ग्रीसने 2010 नंतरच्या कर्जसंकटात पुरेपूर अनुभवले. उलट आइसलंडच्या बँका 2008 मध्ये बुडाल्या तेव्हा तेथील चलन क्रोना जोरात घसरला, परकीय चलनातील कर्जे घेतलेली कुटुंबे भरडली गेली, पण मासळी आणि पर्यटन परदेशी ग्राहकाला स्वस्त झाल्याने देशाला सावरण्यास मदत झाली. बल्गेरियाने ही पळवाट तीन दशके बाळगली आणि एकदाही वापरली नाही. न वापरलेल्या पळवाटेच्या मोबदल्यात निर्णयाच्या बैठकीत जागा आणि अडचणीच्या वेळी मोठा आधार मिळत असेल, तर माझ्या मते हा सौदा बरा आहे.

हाच निकष चेक प्रजासत्ताकाला लावला की उत्तर उलटे येते. तेथील चलन कोरुना खुला तरंगतो, म्हणजे त्याचा दर बाजारात ठरतो, आणि 2013 ते 2017 या काळात मध्यवर्ती बँकेने चलनघट, म्हणजे किमतींची सततची घसरण, टाळण्यासाठी त्याचा दर एका युरोला 27 च्या आसपास मुद्दाम कमकुवत ठेवला होता. हे हत्यार त्यांनी वापरून पाहिले आहे, त्यामुळे प्रागने युरोची घाई करावी असे मला वाटत नाही.