फ्रिज, पहार आणि फुली

[पडद्यावर: रस्त्याच्या कडेला ओळीने उभे फ्रिज]

आधी हे फ्रिज बघा. प्रत्येकाचं दार चिकटपट्टीने गच्च बांधलंय. सप्टेंबरचं ऊन, वीज नाही, आतलं मांस-मासळी आठवडेच्या आठवडे सडलेली. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात वादळानंतर परतलेल्या माणसाचं पहिलं काम हेच. फ्रिज न उघडता घराबाहेर काढायचा.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरीना चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. पण हे शहर वाऱ्याने बुडालं नाही. लष्कराच्या अभियंत्यांनी बांधलेल्या पूरभिंती फुटल्या आणि जवळपास ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. लोअर नाइन्थ वॉर्डात पाण्याच्या लोंढ्याने घरंच्या घरं पायावरून उचलली. भिंतीच्या खिंडारातून मालवाहू बार्ज वस्तीत येऊन बसला.

ही वस्ती जवळजवळ पूर्ण कृष्णवर्णीयांची. गरीब, हो. पण निम्म्याहून जास्त कुटुंबं स्वतःच्या घरात राहणारी. शहराच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण जास्त होतं. आजोबांनी बांधलेलं घर नातवाकडे आलेलं, वारसनोंद मात्र कित्येकांनी केलेलीच नाही.

[पडद्यावर: मिसिसिपीवरचा पूल]

१ सप्टेंबर. बुडालेल्या शहरातून पायी निघालेली माणसं या पुलावर पोचली. पलीकडे ग्रेटना, कोरडं गाव. तिथल्या पोलिसांनी पूल अडवला, डोक्यांवरून गोळ्या झाडल्या आणि लोकांना माघारी पाठवलं. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय.

नदीच्या याच काठावर अल्जियर्स. तिथे मलिक रहीम राहायचे, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे एकेकाळचे कार्यकर्ते. त्यांच्या घरी ५ सप्टेंबरला ‘कॉमन ग्राउंड’ ही स्वयंसेवकांची मदतसंघटना सुरू झाली. चार दिवसांत एका मशिदीत दवाखाना उघडला. स्वयंसेवक सायकलवर दारोदार फिरायचे, रक्तदाब बघायचे, औषध द्यायचे. घोषणा होती ‘सॉलिडॅरिटी, नॉट चॅरिटी’. उपकार नको, सोबत द्या.

[पडद्यावर: भिंतीवर पाण्याची रेघ, छताच्या जरा खाली]

मग घरं मोकळी करायचं काम. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर जाड मास्क, हातात पहार आणि फावडं. भिजलेला जिप्सम बोर्ड ओल्या पावासारखा तुटून हातात येतो. मागे काळी बुरशी. गाद्या, सोफे, कपाटं ढकलगाडीतून रस्त्यावर. शेवटी लाकडी सांगाडा तेवढा उभा. कंत्राटदार याचे हजारो डॉलर मागायचे. इथे फुकट.

आलेल्या स्वयंसेवकांत बरीच पोरं गोरी, बाहेरगावची. कृष्णवर्णीय वस्तीत येऊन तिलाच शहाणपण शिकवणारेही त्यांत होते. त्यासाठी वर्णभेदावरच्या कार्यशाळा घ्याव्या लागल्या. अशा फिल्ममध्ये हा भाग सहसा कापला जातो. आम्ही ठेवलाय.

[पडद्यावर: अर्जांचे गठ्ठे]

आता सरकारी मदत. लुइझियाना राज्याच्या ‘रोड होम’ योजनेचा नियम वाचायला साधा: वादळाआधीची घराची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यातलं जे कमी, त्यावर अनुदान ठरायचं. समजा, दोन घरं आहेत. दोन्हींच्या दुरुस्तीला १ लाख ३० हजार डॉलर लागतात. गोऱ्या वस्तीतल्या घराची बाजारात किंमत २ लाख, म्हणून हिशेब पूर्ण खर्चावर. कृष्णवर्णीय वस्तीतल्या तशाच घराची किंमत ६० हजार, म्हणून हिशेब ६० हजारांवर. लाकूड, खिळे, सुताराची मजुरी मात्र दोघांना एकाच भावाने. नियमात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. गरजच पडली नाही.

आणि ज्यांची वारसनोंद नव्हती, त्यांना तर घर आपलंच आहे हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागली.

२००८ मध्ये कृष्णवर्णीय घरमालक आणि शहरातली फेअर हाउसिंग संस्था, म्हणजे घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध लढणारी संस्था, या योजनेविरुद्ध कोर्टात गेली. २०११ मध्ये तडजोड झाली, ६ कोटी २० लाख डॉलरची. लोअर नाइन्थमध्ये २००० च्या जनगणनेत १४ हजार माणसं होती. २०१० मध्ये तीन हजारही नव्हती.

[पडद्यावर: घराच्या दर्शनी भिंतीवर स्प्रेने मारलेली फुली]

ही फुली शोधपथकाची. वर तारीख, डावीकडे पथकाचं नाव, उजवीकडे घरातले धोके. खाली, आत किती माणसं सापडली त्याचा आकडा. परतलेल्यांपैकी काहींनी घर नव्याने रंगवलं. फुलीभोवतीची जागा तेवढी सोडली.