साठ ठिपक्यांत काय दिसतं?

मंडळी, पडद्यावर आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या तळ्याचा फोटो आहे. आता तो आडवे दहा आणि उभे सहा अशा साठ चौकोनांत बसवतो. देऊळ कुठे गेलं? एक उजळ पट्टा आणि त्यात काळपट डाग, एवढंच उरलं.

साठ चौकोन घेतले, कारण ‘आर्गस २’ या कृत्रिम दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बसवायच्या उपकरणात, साठ इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणारे बारीक बिंदू, असत. रेटिनायटिस पिग्मेंटोसाने, म्हणजे दृष्टिपटलाच्या पेशी हळूहळू मरत जाणाऱ्या आजाराने, दृष्टी गेलेल्यांसाठी २०१३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. चष्म्यावर कॅमेरा, अंगावर बाळगायचा छोटा संगणक, आणि तिथून बिनतारी संदेश डोळ्यातल्या इलेक्ट्रोडपर्यंत.

पण मी आत्ता दाखवलं ते चित्रही खोटं आहे, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचंय. चादरीचा नमुना आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढतात, हे सोलापूरकरांना सांगायला नको. चौकोन थोडे असले तरी मोर हा मोरच दिसतो, कारण प्रत्येक चौकोन आपली जागा सोडत नाही. डोळ्यात मात्र ठिपका जागेवर राहत नाही. इलेक्ट्रोड दृष्टिपटलाच्या वरच्या अंगाला बसतो. तिथूनच दूरदूरच्या पेशींचे तंतू दृष्टिचेतेकडे, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेकडे, जात असतात. वीज खालच्या पेशीला लागते, तशी या वाटेवरच्या तंतूंनाही लागते. मेंदूला वाटतं, उजेड त्या दूरच्या पेशींपाशी पडला. मग गोल ठिपक्याऐवजी लांबट, वाकडा फराटा दिसतो. साठ इलेक्ट्रोड म्हणजे साठ फराटे, तेही एकमेकांत मिसळलेले. शिवाय वीज तशीच चालू ठेवली तरी उजेड काही सेकंदांत फिका पडत जातो.

आता हात लांब करून वीत पसरा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं झाकलं, साधारण तेवढ्यात आर्गस बसवलेल्या माणसाचं सगळं दिसणं. त्यात कॅमेरा चष्म्यावर, म्हणजे नुसती नजर फिरवून भागत नाही, मान फिरवावी लागते. दार शोधायचं तर मान सावकाश डावीकडून उजवीकडे न्यायची, आणि कडेचा उजेड कुठे बदलला ते लक्षात ठेवायचं.

१९९२ मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी डोळस माणसांना ६२५ ठिपक्यांच्या दृष्टीवर चालायला लावलं. ती अडथळे चुकवत बऱ्यापैकी चालली. मोलाचं काम होतं ते. पण त्यांचे ठिपके स्वच्छ होते आणि जागच्या जागी होते. त्यामुळे ‘एवढे इलेक्ट्रोड बसवले की एवढं दिसेल’ हा हिशेब नुसत्या आकड्यावर मांडता येत नाही. ‘पल्सटूपर्सेप्ट’ ही असं उपकरण बसवल्यावर काय दिसेल ते संगणकावर दाखवणारी, पायथन या संगणकभाषेतली २०१७ सालची मोफत प्रणाली मला त्यासाठीच आवडते. तिच्यात तंतूंचे फराटेही मोजता येतात आणि उजेडाचं विझत जाणंही. इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी ती जरूर उतरवून घ्यावी.

मला काळजी आहे ती घरच्यांची. आर्गसचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण नवी उपकरणं येतच आहेत, आणि त्यांच्यासोबत चौकोनी ठिपक्यांची सुबक चित्रंही. ती पाहून एखाद्या आईला वाटतं, पोराला आपला चेहरा दिसेल. म्हणून माझी विनंती आहे, तिला स्थिर चित्र दाखवू नका. फराट्यांसकट, विझणाऱ्या उजेडासकट हलतं दृश्य डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये लावा, आणि तिलाच खोलीचं दार शोधायला सांगा. शस्त्रक्रियेचं बोलणं त्यानंतर.