आवरणामागची जागा

श्रोतेहो, नमस्कार.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर खिळ्याने ओरखडा काढा. आतलं लोखंड उघडं पडतं, तरी ते लगेच गंजत नाही. नुसता रंग दिलेल्या पत्र्यावर मात्र तोच ओरखडा लवकरच तांबूस होतो आणि गंज रंगाखालून पसरत जातो. रंग फक्त झाकतो. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. दोन धातू एकमेकांना लागून ओले राहिले, की त्यांतला अधिक क्रियाशील धातू खर्ची पडतो.

ही मांडणी उलटी झाली तर काय होतं, ते न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात दिसलं. अंगावरचा तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर, आत लोखंडी सांगाडा. इथे झिजणारं लोखंडच! दोघांचा स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये लाखेत भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉस घातलं होतं. ते कालांतराने विरलं, पाणी शिरलं आणि आतल्या पट्ट्या गंजून फुगल्या. १८८६ साली उभा राहिलेल्या या पुतळ्याच्या पट्ट्या १९८६ पर्यंत बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. तांबं मात्र हिरवा थर धरून बव्हंशी शाबूत होतं.

म्हणून मी कोणतंही आवरण पाहिलं, की आधी त्याच्या मागे काय आहे ते विचारतो. इमारतींच्या क्लॅडिंगमागे, म्हणजे भिंतींवर बाहेरून चढवलेल्या आवरणामागे, बऱ्याचदा मुद्दाम पोकळी ठेवतात. सांध्यांतून आलेलं पावसाचं पाणी तिथून निथळतं, हवा खेळते, भिंत वाळते. पाणी पूर्ण अडवण्याचा हट्ट न धरता त्याला बाहेरची वाट करून देणं, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते.

पण आग लागली की हीच पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढते. त्यासाठी ठरावीक अंतरावर आगरोधक अडसर लागतात आणि बाहेरचं आवरणही न जळणारं लागतं. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरवर बसवलेल्या पॅनेलमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिइथिलीन होतं, म्हणजे जळणारं प्लॅस्टिक. अडसरही सदोष होते. १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातली आग बाहेर आली आणि अर्ध्या तासाच्या आत माथ्यापर्यंत पोचली. ७२ माणसं गेली. ऊब टिकावी आणि इमारत देखणी दिसावी, म्हणून चढवलेलं ते आवरण होतं.

डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडने १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत जळणारं साहित्य वापरायला बंदी केली. आधीच उभ्या असलेल्या इमारतींवरचं धोकादायक क्लॅडिंग उतरवायला मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं लागली, आणि त्या काळात माणसं त्याच भिंतींआड झोपत होती.