अर्धी खरवडलेली तार

एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक रबरबँड, चपटं चुंबक आणि मीटरभर तांब्याची तार. मोटर करायला एवढं सामान पुरतं. ती फिरेल की नाही, हे मात्र तारेच्या दोन टोकांवर ठरतं.

ही तार उघडी दिसते, पण उघडी नसते. तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. त्यातून वीज जात नाही, म्हणूनच वेढे एकमेकांना चिकटले तरी चालतं. सेलभोवती दहा-पंधरा वेढे घ्यायचे, वेटोळं अलगद सोडवायचं आणि दोन्ही टोकं एका सरळ रेषेत बाहेर काढायची. हाच मोटरचा आस. तो जरा वाकडा झाला की वेटोळं एका बाजूला लोंबतं.

आता पॉलिश पेपर. एक टोक सगळीकडून खरवडायचं. दुसऱ्यासाठी वेटोळं उभं धरायचं आणि त्या टोकाची फक्त वरची बाजू घासायची. खालचं इनॅमल तसंच ठेवायचं. वर्गात हमखास कुणीतरी हेही टोक पूर्ण घासून मोकळं होतं.

तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसूची हलते, हे ओर्स्टेड यांनी 1820 मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी फॅरडे यांनी पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती गोल फिरवली. आपल्या वेटोळ्यालाही चुंबक तसंच ढकलतं. अडचण येते अर्ध्या फेरीनंतर. वेटोळ्याच्या बाजूंची अदलाबदल होते आणि तोच धक्का उलटा बसू लागतो. दोन्ही टोकं पूर्ण खरवडलेली असतील, तर वेटोळं मागे-पुढे डोलून थांबतं.

झोका देताना आपण जाताना ढकलतो, येताना हात मागे घेतो. इनॅमलची ती उरलेली बाजू हेच करते. नको त्या अर्ध्या फेरीत वीज तोडते आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे निघून जातं. बाजारातली डीसी मोटर ही अर्धी फेरीही वाया घालवत नाही. तिचा कम्युटेटर विजेची दिशाच उलटवतो.

सेल आडवा, त्याच्या दोन टोकांना रबरबँडने घट्ट बसवलेल्या पिना, वर चुंबक. पिनांच्या नेढ्यांत वेटोळं अडकवायचं आणि बोटाने हलकी टिचकी मारायची.

फिरलं! आणि नाही फिरलं, तर वेटोळं लगेच उचलायचं. इतक्या थोड्या तारेला रोध जवळजवळ नसतोच. वीज भरमसाट वाहते, तार तापते, सेल उतरतो.

आता चुंबक उलटं करून पाहा. मोटर उलटी फिरते. मग सेलही उलटा करा. ती पुन्हा पहिल्याच दिशेने फिरते. असं का, ते फळ्यावर आकृती काढून मुलांनाच शोधू द्यावं.